जुन्या रेल्वे सायडिंगलगतची जमीन घ्यावी का? डिझेल-ऑइल मातीत किती मुरतं?

आंबेमोहर
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

एक जमीन बघतोय. सव्वातीन एकर, खाली जांभ्याचा कातळ, वर लाल माती. व्यवहार होईपर्यंत गावाचं नाव देत नाही. पूर्वेच्या बांधाला लागून रेल्वेची जुनी सायडिंग, म्हणजे गाड्या बाजूला उभ्या करायचा फाटा, आहे. रूळ केव्हाच उचलून नेलेत. काळवंडलेली खडी आणि रुळांखाली आडव्या घालतात ते काही लाकडी स्लीपर तेवढे पडून आहेत. गावातली जुनी माणसं सांगतात, तिथे डिझेल इंजिनं तासन् तास उभी असायची आणि तेल भरायचा पाइपही होता. विहीर सायडिंगच्या उताराला, साठ-सत्तर पावलांवर. पाणी बारमाही, चव चांगली. पण सकाळी वाकून बघितलं की पाण्यावर रंगीत तवंग. मालक म्हणतो, पाला कुजल्याचा आहे. एजंट म्हणतो, "साहेब, इंजिनं गेली त्याला जमाना झाला, आता कुठलं तेल राहतंय?"

तर प्रश्न असा की डिझेल, ऑइल, ग्रीस, शौचालयाचं पाणी, जे काही रेल्वेतून खाली पडतं ते मातीत किती खोल जातं आणि किती वर्षं राहतं? जाणकारांनी मदत करावी.

गिरणगावचा_गण्या
तवंग तेलाचा निघाला तर एजंटला अजिबात सांगू नका. "तेलविहिरीसकट" म्हणून एकरी भाव वाढवेल.

कातळशिल्पी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दगडधोंडे
पोटापाण्यासाठी भूजलाचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खडी मुळात पाणी थांबू नये म्हणूनच घालतात. स्लीपरखाली 25 ते 35 सेंटिमीटर खडी आणि तिच्याखाली दाबून बसवलेला भराव, दोन्हीकडे थोडा उतार दिलेला. खडीची चाळणी असल्यामुळे वरून पडलेलं द्रव उन्हात वाळायला पृष्ठभागावर राहतच नाही, सरळ आत जातं. भरावावर आपटलं की बरंचसं आडवं सरकून बाजूच्या गटारात येतं, म्हणजे बहुतेक ठिकाणी शेजाऱ्याच्या बांधाशी. तेव्हा "माझी जमीन रेल्वेच्या हद्दीबाहेर आहे" या वाक्यावर फार विसंबू नका.

पुढचं सगळं जमीन ठरवते. काळी माती ओली असताना फुगते आणि खाली सहसा काही सोडत नाही. पण एप्रिल-मे महिन्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा सांडलेलं तेल वाटेत कुठेही न थांबता मुरमात उतरतं. मुरमाखाली भेगाळलेला बेसॉल्ट. तिथे तेल भेगेभेगेने जातं आणि कुठल्या दिशेला जाईल हे वरच्या उतारावरून सांगता येत नाही. आंबेमोहर, तुमचा जांभा तर पोकळ्यांनी भरलेला. पहिल्या मोठ्या पावसात विहीर भराभर चढते ना? तेलालाही तोच रस्ता मोकळा आहे.

आता एजंटच्या "जमाना झाला" बद्दल. डिझेल पाण्याहून हलकं, त्यामुळे ते खाली जाऊन भूजलावर तरंगतं. आपल्याकडे ही पातळी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात काही मीटर उतरते. तेल तिच्यासोबत वरखाली होतं आणि मधल्या सगळ्या मातीला माखून ठेवतं. गळती थांबली तरी पातळी हलली की माखलेल्या मातीतून थोडं थोडं सुटत राहतं. मातीतले जीवाणू डिझेल खातात हेही खरं, पण त्यांना हवा लागते. वरच्या थरात काम बऱ्यापैकी होतं, खोलवर फार सावकाश.

लाकडी स्लीपरला क्रिओसोट लावलेलं असतं, म्हणजे डांबरातून काढलेलं तेल. ते पाण्याहून जड, त्यामुळे तरंगत नाही, बुडतं. त्यात बेंझोपायरीनसारखी कर्करोगाशी संबंध असलेली रसायनं असतात. मात्र रुळाखालच्या स्लीपरमधून झिरपतं ते त्या मानाने थोडं. जगात मोठी डोकेदुखी झाली ती स्लीपर क्रिओसोटमध्ये मुरवण्याच्या कारखान्यांच्या आवारात.

सई_सप्तपर्णी
उत्तम प्रतिसाद, वाचनखूण साठवली. पण मूळ शंका अशी की धावत्या गाडीतून असं पडतं तरी किती? मी रोज लोकलने जाते, मला कधी थेंब पडताना दिसला नाही.

लोको_काका
सईताई, तुम्हाला दिसणार नाही, कारण धावत्या गाडीतून पडतं ते किरकोळ. गाडी उभी राहते तिथे खरा मामला. एका डिझेल शेडात फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. शेडचं नाव राहू द्या.

आल्को या अमेरिकी कंपनीच्या बनावटीची जुनी इंजिनं म्हणजे सोळा सिलिंडरचं धूड. त्यातल्या डब्ल्यूडीएम-2 जातीच्या इंजिनाची डिझेलची टाकी पाच हजार लिटरची. इंजिन कितीही ठणठणीत असू द्या, कुठल्या तरी गॅस्केटातून ऑइल पाझरायचंच. फ्युएलिंग पॉइंटला नळी काढली की नळीत उरलेलं डिझेल खाली. टाकी काठोकाठ झाली की ओसंडलंच. त्यावर वाळू टाकायची. वाळू भिजली की फावड्याने ओढून कुंपणाकडे सारायची आणि नवी टाकायची. कुंपणाकडची वाळू पुढे कुठे गेली हे त्या काळात कुणी विचारत नव्हतं. कुंपणापलीकडे ओहोळ होता एवढं सांगतो.

पुढच्या प्रवासात एक बघा. स्टेशनाबाहेर ज्या सिग्नलला मालगाड्या नेहमी अडतात तिथे, इंजिन उभं राहतं त्या जागेची खडी काळीकुट्ट असते. तिथून पुढे मधल्या पट्ट्यात खडी आपल्या रंगाची. सांध्यांपाशी, म्हणजे जिथे गाडी रूळ बदलते तिथे, वंगणाचे डाग. वळणावर रुळाच्या आतल्या कडेला ग्रीस लावतात, त्याचेही. पण ग्रीस घट्ट, ते खडीलाच चिकटून बसतं.

आणखी एक गोष्ट, जी कुणी लिहीत नाही. इंजिन थंड ठेवायच्या पाण्यात गंज धरू नये म्हणून औषध घालायचे. फार पूर्वी ते क्रोमेट, म्हणजे क्रोमियमचं संयुग, असायचं, पाणी पिवळंजर्द. नंतर नायट्राइट-बोरेटवालं आलं. इंजिन मोठ्या दुरुस्तीला आलं की रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं. डिझेल सांडलं तर वास येतो, पाय घसरतो, साहेब ओरडतो. हे पाणी वाळलं की तक्रार करायला काही उरतच नाही.

नंतर सुधारणा झाल्या, त्याही सांगायला हव्यात. इंजिनाखाली काँक्रीटची फरशी म्हणजे एप्रन आले, तेल-पाणी वेगळं करायच्या टाक्या आल्या, सांडपाणी शुद्ध करायचं ईटीपी आलं. पण मातीत आधी जे गेलं ते काँक्रीटखाली तसंच आहे.

दगडधोंडे
काका, क्रोमेटचा मुद्दा फार महत्त्वाचा. तेल मातीच्या कणांना निदान चिकटतं तरी. हा क्रोमियम पाण्यात विरघळून पाण्याबरोबर पुढे जातो. तुम्ही खरं तर वेगळा धागा काढा.

लोको_काका
टंकायला फार वेळ लागतो हो. एक बोट चालतं.

प्लॅटफॉर्म_तिकीट
तेलाचं ठीक आहे, पण भारतीय रेल्वेतून सगळ्यात जास्त काय पडत होतं हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाहीये. कॅगच्या 2013 च्या अहवालात रोज 3,980 टन मैला रुळांवर पडतो असा आकडा होता. आपले अनिल काकोडकर ज्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष होते तिनेही 2012 मध्ये सांगितलं होतं की हे थांबवा, कारण त्या पाण्याने रूळ आणि डब्यांचे खालचे भाग गंजतात. म्हणजे आरोग्याच्या आधी लोखंडाची काळजी. ;)

सई_सप्तपर्णी
आता बायोटॉयलेट आहेत ना सगळीकडे?

प्लॅटफॉर्म_तिकीट
आहेत. डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेतले जीवाणू, डब्याखाली टाकी, टाकीत कप्पे, शेवटी क्लोरिनचा कप्पा. पण त्यातून निघालेलं पाणी रुळांवरच ठिबकतं हे विसरू नका. टाकी नीट चालली तर ते बरंच निर्धोक. लोकांनी गुटख्याची पुडी, बाटली, डायपर टाकून ती तुंबवली की मग जीवाणू तरी काय करणार? 2017 मध्ये कॅगने याच तुंबण्यावरून झोडपलं होतं.

गिरणगावचा_गण्या
जीवाणूंची युनियन नाही म्हणून चाललंय.

कोरडवाहू
मला हा धागा जरा एकांगी वाटतोय. राज्यमार्गाकडेला माझं शेत आहे. ट्रक थांबतात, ऑइल बदलतात, जुनं ऑइल सरळ चरात ओततात. कुठला एप्रन आणि कुठलं ईटीपी! तेवढाच माल रेल्वेने नेला तर डिझेल कितीतरी कमी लागतं. आता बहुतेक ब्रॉडगेज लाईनचं विद्युतीकरण झालंय, कोकण रेल्वे 2022 मध्ये पूर्ण विजेवर गेली. डिझेलच नाही तर गळती कसली? रेल्वेला झोडपून पुन्हा ट्रककडेच जायचं का?

दगडधोंडे
रेल्वे नको असं कुणीच म्हटलेलं नाही. रस्त्याचं प्रदूषण लांबवर पातळ पसरतं. रेल्वेचं शेड, सायडिंग, वॉशिंग लाईन, तेल डेपो अशा मोजक्या जागी साचतं. पोलंडमध्ये इवावा जंक्शनच्या मातीचा अभ्यास झाला होता, तिथेही सायडिंगच्या जागी जास्त घाण सापडली. एका परीने ही सोयीची गोष्ट. कुठे तपासायचं ते आधीच कळतं.

कोरडवाहू
हे पटलं. पण ट्रकवाल्यांवर धागा कोण काढणार?

गिरणगावचा_गण्या
तुम्हीच. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

फिलीची_वहिनी
विजेवर गेलं की प्रश्न संपला असं नाही हो, कोरडवाहूजी. आमच्या इथे फिलाडेल्फियाजवळ पाओली नावाचं गाव आहे, तिथलं रेल्वे यार्ड 1915 पासूनचं. गाड्या विजेच्याच. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी नावाची विषारी क्लोरिनयुक्त रसायनं असलेलं तेल होतं. पेट घेत नाही म्हणून ते चांगलं समजायचे. दुरुस्ती करताना ते सांडत राहिलं, मातीत मुरलं, पावसाबरोबर उतारावरच्या घरांच्या परसात गेलं आणि ओढ्यातल्या माशांत सापडलं. 1990 मध्ये ती जागा सुपरफंडच्या यादीत गेली, म्हणजे देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत. लोकांच्या अंगणातली माती खरवडून न्यावी लागली. पीसीबी विघटित व्हायचं नावच घेत नाही.

लोको_काका
वहिनी, माहितीबद्दल आभार. आपल्याकडे एक गंमत. मुंबईहून पुणे आणि इगतपुरीकडे जाणारी जुनी विजेची इंजिनं 1500 व्होल्ट डीसीवर चालायची. डीसीला मुख्य ट्रान्सफॉर्मर लागतच नाही, त्यामुळे त्यांच्या पोटात ते तेलही नव्हतं. 25 हजार व्होल्टचं एसी आलं आणि सोबत ट्रान्सफॉर्मर आला. त्यातलं खनिज तेलही गळतंच, फक्त आल्कोइतकं नाही. आल्कोची सर कुणालाच नाही.

कातळशिल्पी
काकांचं आल्कोप्रेम तेलासकट ओसंडतंय. :)

राईनकाठचा_पुणेकर
जर्मनीतून थोडी भर. इथे रुळांवरच्या प्रदूषणाची चर्चा तेलावर नव्हे, तणनाशकावर जास्त होते. खडीत तण माजलं की निचरा बिघडतो, म्हणून फवारणी करतात. जर्मन रेल्वे हा देशातला ग्लायफोसेट या तणनाशकाचा सर्वांत मोठा एकटा ग्राहक होता. 2022 च्या अखेरीस त्यांनी ते बंद केलं. अडचण खडीचीच. शेतातल्या मातीत सेंद्रिय भाग असतो, तो औषध धरून ठेवतो, जीवाणू ते मोडतात. खडीत धरून ठेवायला काही नाही, त्यामुळे औषध भूजलात लवकर पोचतं. डाययुरॉन या दुसऱ्या तणनाशकावर तर नव्वदच्या दशकातच रुळांसाठी बंदी आली.

कोरडवाहू
आमच्या भागात रुळांकडेला फवारणी झाली की लोक दोन दिवसांत तिथेच शेळ्या सोडतात. यावरही धागा हवा.

मीनाक्षी_दादरकर
अवांतर आहे, चालत असेल तर: मुंबईत रुळांकडेला पालक, लाल माठ, भेंडी लावतात ती खावी का? आई घेत नाही, मी घेते. घरात वाद आहे.

प्लॅटफॉर्म_तिकीट
रेल्वेची "अधिक धान्य पिकवा" योजना होती, पडीक जागा कर्मचाऱ्यांना भाजीसाठी द्यायचे. त्या भाजीची भीती गाडीतून ठिबकणाऱ्या तेलापेक्षा शेजारच्या नाल्याची आहे, कारण पाणी तिथलंच मारतात. मी आईच्या पक्षात.

मीनाक्षी_दादरकर
इथेही आईच जिंकली. भापो (भावना पोचल्या).

फिलीची_वहिनी
आंबेमोहर "किती खोल" म्हणाले होते, त्यावरून आठवलं. ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनला 3 फेब्रुवारी 2023 ला मालगाडी घसरली, व्हिनाइल क्लोराइड आणि इतर रसायनं सांडली, जळली. रेल्वे कंपनीला घाई. दूषित माती तशीच ठेवून तिच्यावर रूळ टाकले आणि काही दिवसांत गाड्या सुरू. गावकरी आणि सरकार मागे लागले तेव्हा तेच नवे रूळ एकेक बाजूने पुन्हा उचलले आणि खालची माती खणून ट्रक भरभरून बाहेर नेली. वर काही बांधण्याआधी खालचं बघावं, घर असो की रूळ.

आंबेमोहर
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पण मंडळी, माझ्या विहिरीचं काय? टोकन शनिवारी द्यायचंय.

दगडधोंडे
टोकन थांबवा आणि आधी फुकटातली एक चाचणी करा. काठीने तवंग ढवळा. तुकडे तुकडे होऊन काचेसारखे कोनेदार भाग वेगळे झाले आणि परत जुळले नाहीत, तर तो लोहजीवाणूंचा पापुद्रा आहे. जांभ्यात लोखंड भरपूर, त्यामुळे सहज आढळतो. विहिरीच्या दगडांवर नारिंगी बुळबुळीत थरही दिसेल. काठीमागे तवंग भोवऱ्यासारखा फिरून पुन्हा मिटला, तर तेल.

दुसरं, सायडिंगच्या बाजूला बांधाजवळ एक खड्डा घ्या. दर हातभर खोलीची मूठभर माती काचेच्या बरणीत पाणी घालून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. वर काय येतंय बघा, वासही घ्या. नाक अगदी खुपसू नका.

आंबेमोहर
करून आलो.

विहीर: काठी लावली तर पापुद्रा फुटला, तुकडे तसेच सुटे राहिले. आतल्या बाजूला नारिंगी शेवाळासारखं आहे. मालक बाजूला उभा होता, म्हणाला, "सांगत नव्हतो?"

मग बांधाजवळ खड्डा. गुडघाभर खोलीपर्यंत लाल माती, काही नाही. कमरेएवढं गेल्यावर रंग राखाडी-काळा झाला आणि वास सुटला, रॉकेलच्या जुन्या डब्याचा. बरणीत हलवली तर वर तवंग. काडी फिरवली की फाटतो आणि लगेच जुळतो. मालक तोवर घरी गेला होता.

कातळशिल्पी
म्हणजे सामना बरोबरीत.

दगडधोंडे
विहिरीचा आजचा तवंग तेलाचा नाही, पण बांधाखाली तेल आहे आणि विहीर उताराला आहे. पाणी प्रयोगशाळेत द्याच. बाटली काचेची घ्या, तेल प्लास्टिकला चिकटतं आणि आकडा खोटाच कमी येतो.  नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत हे बघत नाहीत, त्यामुळे खनिज तेल आणि पीएएच (बेंझोपायरीनच्या कुळातली रसायनं) वेगळं सांगून करून घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात खनिज तेल लिटरमागे 0.5 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पीएएच 0.0001 पर्यंत. काकांनी सांगितलं म्हणून क्रोमियमही बघा. एकदा मेअखेर आणि एकदा पावसाळ्यात पातळी चढल्यावर, असे दोन नमुने हवेत. एका नमुन्यावर मी तरी माझे पैसे घातले नसते.

वकीलीण_बाई
व्यवहाराच्या बाजूने दोन शब्द. प्रदूषित जागांसाठी केंद्राचे नवे नियम 2025 मध्ये आले. संशयित जागा जिल्हा प्रशासनाने राज्याच्या प्रदूषण मंडळाला कळवायच्या, मग तपासणी, मग खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून. कागदावर छान आहे, पण तुमच्या सव्वातीन एकरांसाठी त्यावर विसंबू नका. साठेखतातच लिहून घ्या की दोन्ही अहवाल चांगले आले तरच खरेदीखत, नाहीतर टोकन परत. मालक याला तयार नसेल तर त्याला काय माहीत आहे ते समजून घ्या.

लोको_काका
आंबेमोहर, तेलाचा पाइप होता म्हणता तर त्याचा चौथरा असणार. पाइप भंगारात जातो, काँक्रीटचा चौथरा कोण नेतो? झुडपांत शोधा. सापडला की तिथून विहीर किती लांब ते मोजा. सायडिंगपासूनचं अंतर धरू नका, सगळं तेल चौथऱ्यापाशीच सांडलेलं असतं. आणि रेल्वेतला एखादा जुना खलाशी (मदतनीस) किंवा सांधेवाला गावात असेल तर चहा पाजून विचारा, टाकी कुठल्या बाजूला होती.

मीनाक्षी_दादरकर
आणि ते लाकडी स्लीपर कुणी घेणार नसेल तर मला हवेत. गावच्या घरी अंगणात बाक करायचाय, शिवाय वाफ्यांना कडा.

दगडधोंडे
मीनाक्षीताई, नको. उन्हात तापले की क्रिओसोट बाहेर येतं, कपड्यांना आणि कातडीला लागतं. भाजीच्या वाफ्याला तर मुळीच नको. आणि उरलेले तुकडे बंबात घालू नका, तो धूर आणखी वाईट.

मीनाक्षी_दादरकर
हे आईला सांगणार नाहीये.

आंबेमोहर
चौथरा सापडला. करवंदीच्या जाळीत होता, काकांचा अंदाज बरोबर. विहिरीपासून तो सायडिंगच्या दुप्पट लांब आहे, पण उतार सरळ विहिरीकडेच. टोकन दिलेलं नाही. मेअखेरचा नमुना घेतो, काचेच्या बाटलीत. एजंटचे फोन सुरूच आहेत, आता म्हणतो दुसरा गिऱ्हाईक तयार आहे.

वकीलीण_बाई
दुसरा गिऱ्हाईक नेहमीच तयार असतो. नमुना घ्या.